दुसरी सृष्टी

उमादेवी मॅडमच्या नजरेतून कॉपी सुटली, असं लातुरात अजून घडलेलं नव्हतं. निदान मॅडमचं तसं म्हणणं होतं, आणि त्यांच्या म्हणण्याला आडवं जायची हिंमत क्लासमधे कुणातच नव्हती, क्लासचे मालक श्रीमंत सर धरून. कॉपी करणाऱ्याची मान कशी वळते, पेन कधी थांबतं, हे त्या बसल्या जागेवरून सांगत. पोरं घाबरत. मॅडमना ते मनातून आवडायचं, उगाच नाही कशाला म्हणा.

बारावीच्या वर्गात दोन सृष्टी होत्या. ह्या पोरी जन्मल्या त्या सालात मुलगी झाली की मराठवाड्याला दुसरं नाव सुचतच नव्हतं बहुतेक. परीक्षेला नावाच्या क्रमानं बसवायची पद्धत, त्यामुळे दोघी कायम एकाच बाकावर. एक औशाकडची. तिचे आईबाप पुण्यात नोकरीला आणि आजा मडिवाळप्पा औशाजवळच्या खेड्यात शेती सांभाळून. आजा जवळ आहे म्हणूनच तिला पुण्याहून आणून लातूरच्या होस्टेलात ठेवलेली. बोलकी, हसरी, वर्गात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा. दुसरी नांदेडकडची, अर्धापूरची. घरी केळीच्या बागा. ही पोरगी हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायची तेसुद्धा मॅडमना कान देऊन ऐकावं लागायचं. पोरं एकीला औशाची म्हणत आणि दुसरीला केळीवाली.

जानेवारीतल्या इंग्रजीच्या एका तासाला मॅडमनी फळ्यावर एकच क्रियापद लिहिलं, डिस्टिंग्विश.

"फरक स्पष्ट करा, असा प्रश्न आला की तुम्ही मधे रेघ मारून दोन रकाने आखता आणि सुटलो म्हणता," त्या म्हणाल्या. "एवढ्यावर सुटत नाही. पहिला अर्थ, एकापासून दुसरं वेगळं ओळखणं. तूर कुठली, मूग कुठला. तिथं 'फ्रॉम' कधी घालायचं आणि 'बिट्वीन' कधी, ते मी परवाच सांगितलंय. दुसरा अर्थ, जे चटकन दिसत नाही, ऐकू येत नाही, ते नेमकं हेरणं. धुक्यात एस्टीची पाटी वाचता येते ना, तसं. आणि तिसरा, चारचौघांत उठून दिसावं असं काही करून दाखवणं. तुमचं ते डिस्टिंक्शन, ते ह्याच घरातलं. आता वाक्यं लिहा. गाईडमधलं एक वाक्य दिसलं तर पेपर फाडीन. स्वतःच्या घरचं, स्वतः अनुभवलेलं लिहा."

संध्याकाळी घरी चहाचा कप बाजूला ठेवून मॅडम पेपर तपासायला बसल्या. एकाची आई दुधात बोट बुडवून पाण्याचा अंश डिस्टिंग्विश करत होती. एकाला गणिताचे सर हसतात कधी आणि चिडतात कधी हे डिस्टिंग्विश करता येत नव्हतं. मॅडम हसल्या, कारण त्यांनाही ते कधी जमलं नव्हतं. मग औशाच्या सृष्टीचा पेपर आला. 'येळवशीला शेतात खूप माणसे असतात. माझ्या आजोबांना दिसत नाही, पण ते मला माझ्या आवाजावरून डिस्टिंग्विश करतात.' मॅडमनी शेजारी 'छान' असं लिहिलं. त्या सहसा लिहीत नसत.

पुढचा पेपर केळीवालीचा. 'येळवशीला शेतात खूप माणसे होती. माझ्या आजोबांना दिसत नाही. त्यांनी मला माझ्या आवाजावरून डिस्टिंग्विश केले.'

मॅडमच्या हातातलं लाल पेन थांबलं. एकाच बाकावरच्या दोघी, एकच वाक्य, फक्त वर्तमानकाळाचा भूतकाळ केलेला. तेवढी अक्कल कॉपी करणारा चालवतोच. आणि कुणी उतरवलं, हे शोधायची गरजच नव्हती. येळवस म्हणजे लातूर-औशाकडचा सण. त्या अमावस्येला अख्खं लातूर कुलूप लावून शेतात जातं. कडब्याच्या खोपीत पूजा होते, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातली आंबील केली जाते, आणि शेताच्या बांधावरून जाणाऱ्या माणसाला उपाशी जाऊ देत नाहीत. मॅडमचं माहेर निलंग्याकडचं, लिंगायताचं घर. त्या जन्मापासून येळवस खात आलेल्या. अर्धापूरकडं हा सण कुणी करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग अर्धापूरच्या पोरीच्या घरी येळवस आली कुठून?

दुसऱ्या दिवशी दोघींना ऑफिसात बोलावलं. औशाची सृष्टी दोन्ही पेपर बघून चकितच झाली. "मॅडम, मी दाखवलं नाही हो! शप्पथ!" म्हणाली आणि रडू लागली. केळीवालीनं पेपरकडं बघितलंच नाही.

"उतरवलंस?"

"न्हाई मॅडम."

"मग हे वाक्य कुठून आलं?"

मॅडमनी दरडावलं, समजावलं, पुन्हा दरडावलं. पोरगी पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत उभी.

श्रीमंत सरांनी क्लास उभा केला होता तो शिस्तीच्या नावावर. कॉपी सापडली की नाव कमी, होस्टेलची खोली खाली, मग तो कुणाचाही पोरगा असो. हा नियम त्यांनी जाहिरातीतसुद्धा छापला होता, त्यामुळे मोडायची सोय राहिली नव्हती. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आलेली. आता इथून निघालेली पोरगी कुठल्या क्लासला जाणार आणि गावात जाऊन काय सांगणार? मॅडमना हे कळत होतं. पण कॉपी ती कॉपी, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि अर्धापूरला फोन लावला.

केळीवालीचा बाप भागवत दुसऱ्याच दिवशी दुपारी ऑफिसात आला, तेव्हा सर आणि दोघी पोरी तिथंच होत्या. पांढरा सदरा, चपला दाराबाहेर काढलेल्या, आणि हातात केळीची मोठी फणी. पोरीच्या मास्तरांकडं रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून आणलेली. कशासाठी बोलावलंय ते कळल्यावर ती फणी कुठं ठेवावी हे त्याला सुचेना. शेवटी त्यानं ती स्वतःच्याच मांडीवर घेतली.

"मॅडम, माझी पोरगी बोलायला कमी हाय, पण खोटं बोलत न्हाई," तो म्हणाला. "शिल्पा, म्हंजे हिची माय, ती तर फोन आल्यापासून जेवली न्हाई. काय लिव्हलंय तिनं असं?"

मॅडमनी पेपर वाचून मराठीत सांगितला. येळवस, शेत, न दिसणारे आजोबा.

भागवत पोरीकडं बघत राहिला. मग खालच्या आवाजात बोलला, "येळवस आमच्यात न्हाई करत, मॅडम. आन माझा बाप दगडोबा, त्याला जाऊन लई वरसं झाली. ही तवा रांगत होती. हिच्या मायकडचा आजा तर आमचं लगीन व्हायच्या आधीच गेलेला."

खरं बोलणाऱ्या बापानंच पोरीच्या चोरीवर शिक्कामोर्तब केलं होतं, आणि ते त्याच्याही ध्यानात आलं. त्याचा चेहरा पडला. मांडीवरच्या फणीतलं एक केळ तो उगाच चाचपत राहिला. मॅडमना त्याच्याकडं बघवेना.

सर म्हणाले, "झालं तर मग. भागवतराव, उद्या सामान हलवा."

"सर, हात जोडतो. बोर्डाचा पेपर होऊस्तोवर तरी ऱ्हाऊ द्या. मागं बसवा, वेगळं बसवा."

सर खिडकीबाहेर बघू लागले. आणि ह्याच वेळी मॅडमच्या नजरेनं एक गोष्ट टिपली. आजा मेलाय असं बाप बोलला तेव्हा केळीवालीनं बापाकडं बघितलं नव्हतं. सरांकडं नाही, मॅडमकडंही नाही. तिनं दाराशी उभ्या असलेल्या औशाच्या सृष्टीकडं बघितलं होतं, घाबरून. चोरी पकडली गेलेली पोर अशी बघत नाही. आपल्या हातून दुसऱ्याला लागेल की काय, अशी ती भीती होती. इतक्या वर्षांत मॅडमनी कॉपीवाल्यांचे सगळे चेहरे बघितले होते, त्यात हा नव्हता.

त्यांनी केळीवालीचा दंड धरला आणि तिला शेजारच्या रिकाम्या वर्गात नेलं.

"येळवशीला तू कुठं होतीस?"

पोरगी आधी हुंदके देत राहिली, मग बोलायला लागली. त्या दिवशी खानावळ बंद होती. आचारीणबाई शेतात गेलेली, पोरी आपापल्या गावी. अर्धापूर लांब, म्हणून ही त्या वेळी एकटीच होस्टेलात होती. सकाळी बिस्किटं खाल्ली, दुकानं सगळी बंद. तेवढ्यात फाटकाशी एक पिकअप येऊन थांबली. मडिवाळप्पांकडचा गडी मलप्पा, नवाच, त्यांच्या नातीला कधी न बघितलेला. 'सृष्टी कोन हाय? आजानं बोलवून आनायला लावलंय.' औशाची सृष्टी सुट्टीतही ठेवलेल्या, निवडक पोरांच्या फिजिक्सच्या जादा तासाला गेलेली. हिला ते ठाऊक होतं. सांगायचं होतं.

"तोंडातून निघालंच न्हाई, मॅडम. भूक लई लागलती. मी म्हनलं, मीच सृष्टी. खोटं थोडीच हाय, असं मनाला सांगत राहिले आन गाडीत बसले."

"मग?"

"शेतात गेले तर आजा खोपीपाशी बसलते. डोळ्यानं दिसत न्हाई त्यांना. मलप्पा म्हनला, सृष्टीला आनली. मी नमस्कार म्हनून पाया पडले तर त्यांनी डोक्यावर हात ठिवला आन म्हनले, 'आलीस का सृष्टी? बस, जेव.' जवळ बसवून घेतलं. माझ्या वाट्याला बाजरीचे उंडे आलेत का, हे हातानं चाचपून बघत होते. मला कुनी आजा बघायलाच मिळाला न्हाई, मॅडम. पेपरात लिवायच्या टायमाला तेच आठवलं." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "तिनं काय लिव्हलंय मला काय म्हाईत. मी न्हाई बघितलं."

"अगं, मग हे काल का नाही सांगितलंस?"

"तिच्यासमोर? ती रोज म्हनती, माझा आजा हजारात माझा आवाज ओळखतो. तिला कळलं असतं की आजानं मलाच ती समजून जेवू घातलं. तिचा आजा तिला ओळखत न्हाई म्हून कसं सांगू मी तिला? माझं नाव कमी करा, मॅडम, पन तिला सांगू नका."

मॅडम बाकावर बसल्या. येळवशीला त्या स्वतः निलंग्याला गेल्या होत्या, पोट भरून आंबील प्यायल्या होत्या. जाताना होस्टेलात कोण पोरगी मागं राहतेय, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि पोरीचं म्हणणंही कळत होतं. हे सांगावं तर एक पोरगी वाचेल आणि दुसरीचं काहीतरी मोडेल, जे मग सांधता येणार नाही.

त्यांचं काही ठरायच्या आत व्हरांड्यात काठीचा आवाज आला. औशाच्या सृष्टीनं काल रात्रीच आजाला फोन करून रडून सांगितलं होतं, की मॅडम म्हणतात मी कॉपी दाखवली. आणि आजा मलप्पाचा हात धरून थेट क्लासात येऊन उभा राहिला होता.

मॅडम पोरीला घेऊन ऑफिसात परतल्या. मडिवाळप्पा खुर्चीत टेकले होते. धोतर, डोक्याला पटका, कपाळावर भस्माचे पट्टे, पायाशी हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंढी. हेही रिकाम्या हातानं आलेले नव्हते. औशाची सृष्टी त्यांच्याजवळ जाऊन "शरणार्थ आजा" म्हणाली आणि त्यांचा हात हातात घेऊन उभी राहिली. केळीवाली कपाटाच्या कडेला सरकली. श्वाससुद्धा ऐकू जाऊ नये, अशा बेतानं ती उभी होती. दाराशी मलप्पा तिच्याकडं टकामका बघत होता, पण सरांपुढं त्याचं तोंड उघडेना.

सरांनी वाक्याची हकीकत सांगितली. "तुमच्या नातीवर आमचा संशय नाही, अप्पा. तिचं वाक्य खरंच आहे. दुसरीनं उतरवलं. तिचा निकाल लागलाय."

"आसं," मडिवाळप्पा म्हणाले. त्यांनी मान जरा वळवली, कपाटाच्या बाजूला. "मंग ती दुसरी सृष्टी कुठंय? पावलं तर मला दोघी पोरींची ऐकू आली. एकजण अजून बोलली न्हाई."

केळीवालीनं तोंडावर हात दाबून धरला.

"बोल की माय," म्हातारा म्हणाला. "त्या दिवशी तर चांगली बोलत होतीस. केळीला पानी कसं द्यायचं ते सांगितलंस मला."

औशाच्या सृष्टीचा हात सुटला. "आजा, कोण? कुठल्या दिवशी?"

"येळवशीला. हिनं आपल्या शेतात आंबील पिली."

"म्हणजे तुम्ही हिला... मी समजून?" तिचा तो मोठा आवाज पार बारीक झाला होता. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"तुला कशाला समजू?" मडिवाळप्पा जरासे चिडूनच बोलले. "तू सकाळीच फोन करून म्हनलीस, जादा तास हाय, येत न्हाई. तवर गाडी निघून गेलती आन ह्या मलप्पाकडं फोन न्हाई. मी म्हनलं, येईल रिकामी. तर हा वरडत आला, सृष्टीला आनली! आन ती पोर गाडीतून उतरून काय म्हनली? 'नमस्कार आजोबा.' आपल्या घरात कोन नमस्कार म्हनतं गं? शरणार्थ म्हनतात. आन आवाज तर कुठं तुझा, कुठं हिचा. तुझा आवाज मी बाजारात ओळखीन. डोळे गेलेत माझे, कान न्हाई गेले."

औशाची सृष्टी रडता रडता हसली. केळीवाली मात्र कपाटाला टेकून खाली बसली होती. मॅडमच्या तोंडून शेवटी तो प्रश्न आला, जो खोलीतल्या सगळ्यांच्याच मनात होता.

"अप्पा, कळलं होतं, तर विचारलं का नाही तिला, तू कोण म्हणून?"

मडिवाळप्पांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मॅडम, तुम्ही निलंग्याच्या ना? पोरगी सांगत होती. मंग तुम्ही आसं इचारता? येळवशीला शेतात पाय ठिवलेल्याला कुनी इचारतं व्हय, तू कुनाची म्हून? जेव म्हनतात. पोरीचा आवाज भुकेला होता, येवढं ऐकू आलं मला. मलप्पा सृष्टी म्हनला, म्या सृष्टी म्हनलं. खोपीतल्या बायांनाबी ठाऊक होतं की ही आपली न्हवं. त्यांनी उलट भज्जी जास्त वाढली."

भागवत उठला. मांडीवरची केळीची फणी त्यानं म्हाताऱ्याच्या हातात ठेवली आणि पाया पडला. "अप्पा, मी हिचा बाप," एवढंच त्याला जमलं. मडिवाळप्पांनी केळी बोटांनी चाचपली. "पिकायला अजून दोन रोज हायत," म्हणाले आणि फणी मांडीवर घेतली.

औशाची सृष्टी कपाटापाशी गेली आणि केळीवालीशेजारी फरशीवर बसली. "येडी आहेस का तू?" ती म्हणाली. "घरी जायला निघालीस, पण मला सांगेनास!" केळीवालीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिला काही बोलायची गरज पडली नाही, कारण औशाचीच बोलत होती.

श्रीमंत सर घसा साफ करत म्हणाले, "म्हणजे कॉपी नाही. पण मॅडम, प्रश्नात स्वतःच्या घरचं लिहा असं होतं. हिनं 'माझे आजोबा' लिहिलंय. ते तर खरं नाही. नियमानं बघितलं तर..."

मॅडमनी त्यांच्याकडं असं बघितलं की सरांचं वाक्य तिथंच राहिलं. मग त्या केळीवालीचा पेपर घेऊन मडिवाळप्पांच्या खुर्चीजवळ गेल्या. लाल पेन त्यांच्या हातात होतंच.

"अप्पा, ह्या पोरीनं लिहिलंय, माझ्या आजोबांनी मला आवाजावरून ओळखलं. तुम्हीच सांगा. बरोबर लिहिलंय का चूक?"

म्हाताऱ्यानं हात पुढं केला. तो हवेतच राहिला, मग केळीवाली उठून आली आणि त्या हाताखाली तिनं डोकं दिलं.

"बरोबर हाय," मडिवाळप्पा म्हणाले. "मार्क द्या."

मॅडमनी पूर्ण मार्क दिले. औशाच्या सृष्टीच्या पेपरावर 'छान' लिहिलं होतं, ते ह्याही पेपरावर लिहिलं, आणि नंतर बराच वेळ त्या चष्मा पुसत बसल्या.